जेम्स हटन

जेम्स हटन (जन्म : ३ जून १७२६, एडिनबर्ग, मृत्यू : २६ मार्च १७९७, एडिनबर्ग) हे अठराव्या शतकातील स्कॉटिश भूवैज्ञानिक होते. वैद्यकाची पदवी, शेतीचा व्यवसाय आणि रसायनांचा कारखाना असा त्यांचा प्रवास भूविज्ञानापर्यंत पोहोचला. आधुनिक भूविज्ञानाचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. वाळू, चिखल आणि शंखशिंपल्यांचा चुरा पाण्याखाली थराथराने साचून गाळाचे खडक तयार होतात. ग्रॅनाइट, बेसाल्ट यांसारखे अग्निज खडक मात्र पृथ्वीच्या पोटातील तप्त शिलारस थिजून तयार होतात, हा भेद आज शाळेतील भूगोलाच्या पुस्तकात चार ओळींत आटोपतो. हटन यांच्या काळात तो युरोपातील विद्वानांच्या तीव्र वादाचा विषय होता आणि त्याच्या निकालावर पृथ्वीचे वय किती मानायचे हा प्रश्न अवलंबून होता.

(जन्मदिनांक त्या वेळी ब्रिटनमध्ये चालू असलेल्या जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेप्रमाणे दिला आहे. नव्या दिनदर्शिकेनुसार तो १४ जून येतो.)

बालपण आणि शिक्षण

हटन यांचे वडील विल्यम हे एडिनबर्गमधील व्यापारी होते आणि त्यांनी नगराचे खजिनदार म्हणूनही काम पाहिले होते. जेम्स लहान असतानाच ते वारले. आई सारा बाल्फोर यांनी मुलांचे संगोपन केले. घरची परिस्थिती चांगली असल्याने शिक्षणात खंड पडला नाही. एडिनबर्गच्या हायस्कुलातून ते वयाच्या चौदाव्या वर्षी विद्यापीठात दाखल झाले.

रसायनशास्त्राची गोडी त्यांना तर्कशास्त्राच्या वर्गात लागली. प्राध्यापक जॉन स्टीव्हन्सन यांनी कुठलासा तार्किक मुद्दा समजावताना सोन्याचे उदाहरण दिले : साधे धातू एकेका आम्लात विरघळतात, सोने मात्र दोन आम्लांचे मिश्रण असलेल्या आम्लराजातच विरघळते. मूळ मुद्दा बाजूला राहिला आणि विद्यार्थ्याच्या मनात आम्लराज घर करून बसले. पुढे सतराव्या वर्षी त्यांना एका वकिलाच्या कचेरीत उमेदवारीला ठेवण्यात आले. तेथे दस्तऐवजांच्या नकला करण्याऐवजी ते सोबत्यांना रसायनांचे प्रयोग दाखवू लागले. वकिलाने समजूतदारपणे त्यांना उमेदवारीतून मोकळे केले.

त्या काळी रसायनशास्त्राला सर्वांत जवळचा अभ्यासक्रम वैद्यकाचा होता, म्हणून हटन तिकडे वळले. एडिनबर्ग, पॅरिस आणि शेवटी हॉलंडमधील लायडन असा प्रवास करून १७४९ मध्ये त्यांनी रक्ताभिसरणावरील प्रबंधावर वैद्यकाची पदवी मिळवली. शरीरात अखंड फिरत राहणाऱ्या रक्तावर प्रबंध लिहिणाऱ्या या तरुणाने पुढे पृथ्वीवरील द्रव्याच्या अखंड फेऱ्याचा सिद्धान्त मांडला, ही गोष्ट अनेक अभ्यासकांच्या नजरेत भरली आहे. वैद्यकाचा व्यवसाय मात्र त्यांनी कधीच केला नाही. १७४७ च्या सुमारास विवाहबाह्य संबंधातून त्यांना एक मुलगा झाला होता. त्या मुलाचे आयुष्य लंडनमध्ये गेले आणि हटन त्याला पैशाची मदत करीत राहिले. हटन स्वतः आयुष्यभर अविवाहित राहिले.

नवसागर आणि शेती

विद्यार्थिदशेतच हटन आणि त्यांचे मित्र जेम्स डेव्ही यांनी धुराड्यांच्या काजळीपासून नवसागर तयार करण्याची रीत शोधली होती. भांड्यांना कल्हई करताना लागणारा हा क्षार धातुकामात आणि रंगकामात उपयोगी पडे आणि तोपर्यंत प्रामुख्याने इजिप्तमधून आणावा लागे. एडिनबर्ग शहरात काजळीला तोटा नव्हता. हा कारखाना चांगला चालला आणि त्याच्या उत्पन्नामुळे हटन यांना उपजीविकेसाठी नोकरीचा आश्रय घ्यावा लागला नाही.

वडिलांकडून त्यांना बेरिकशायर परगण्यात स्लायहाउसेस येथील शेत वारशाने मिळाले होते. ते नीट कसायचे तर सुधारलेली शेती शिकली पाहिजे, या विचाराने ते १७५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत इंग्लंडमधील नॉरफक येथे एका शेतकऱ्याकडे जाऊन राहिले. तेथून पायी भटकंती करताना प्रत्येक खड्डा, चर आणि नदीचा काठ निरखून पाहण्याची सवय त्यांना जडली. १७५४ मध्ये हॉलंड व आसपासच्या प्रदेशातील शेती पाहून ते परतले आणि पुढील सुमारे चौदा वर्षे त्यांनी आपल्या शेतात घालवली.

त्यांच्या सिद्धान्ताचे मूळ या चौदा वर्षांत आहे. दर पावसाळी हंगामात शेतातली माती ओढ्यात, ओढ्यातून नदीत आणि नदीतून समुद्रात जाताना कोणत्याही शेतकऱ्याला दिसते. हटन यांनी त्यापुढचा प्रश्न विचारला. खडक झिजून माती होते आणि माती वाहून जाते, हे जर खरे असेल तर कालांतराने सारी जमीन समुद्रात जाऊन संपली पाहिजे. मग पिकांना, जनावरांना आणि माणसाला आधार कोणता? जग शहाणपणाने रचलेले आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. म्हणून झिजलेली जमीन पुन्हा उभी करणारी काही तरी योजना निसर्गात असलीच पाहिजे, असे त्यांना वाटले. हा तर्क आजच्या विज्ञानाच्या रीतीचा नाही. त्याने त्यांना लावलेला शोध मात्र खरा ठरला.

एडिनबर्गमधील मित्रमंडळ

१७६८ च्या सुमारास शेत दुसऱ्याकडे सोपवून हटन एडिनबर्गला परतले आणि सेंट जॉन्स हिल येथे आपल्या बहिणींसह राहू लागले. घरासमोर सॉल्झबरी क्रॅग्झचा काळा कडा उभा होता. रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक आणि अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथ हे त्यांचे निकटचे मित्र. या तिघांच्या पुढाकाराने ऑयस्टर क्लब नावाचे साप्ताहिक मंडळ भरत असे. स्मिथ यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या अप्रकाशित लेखनाची व्यवस्था ब्लॅक आणि हटन यांनीच पाहिली. वाफेच्या यंत्रात सुधारणा करणारे जेम्स वॉट हेही त्यांच्या मित्रांपैकी. फोर्थ आणि क्लाइड या नद्यांना जोडणाऱ्या कालव्याच्या कामावर देखरेख करणाऱ्या समितीत हटन काही वर्षे होते. कालवा खोदताना उघडे पडणारे थर पाहण्याची संधी त्यांना त्यामुळे मिळाली.

पोशाख अगदी साधा, आहार मोजका, बोलणे उत्साही आणि विनोदी, असे त्यांचे वर्णन मित्रांनी केले आहे. बोलण्यात असलेला हा जिवंतपणा लेखणीत मात्र उतरला नाही. त्यांची वाक्ये लांबलचक व गुंतागुंतीची असत, आणि त्याची किंमत त्यांच्या सिद्धान्ताला बरीच वर्षे मोजावी लागली.

पाणी की अग्नी

त्या काळी सर्वांत प्रतिष्ठित मत जर्मनीतील फ्रायबर्ग येथील खनिकर्म विद्यालयाचे अध्यापक आब्राहाम गोटलोब वेर्नर यांचे होते. आरंभी साऱ्या पृथ्वीवर एक महासागर पसरला होता, त्याच्या पाण्यातून प्रथम ग्रॅनाइट, मग सुभाजा आणि नंतर इतर खडक क्रमाने खाली बसले, असे ते शिकवीत. म्हणजे ग्रॅनाइट हा जगातील सर्वांत जुना खडक, आणि बेसाल्टसुद्धा पाण्यातलाच गाळ. ज्वालामुखी ही त्यांच्या मते जमिनीखालील कोळसा पेटल्यामुळे होणारी अलीकडची, किरकोळ घटना होती. रोमन सागरदेवता नेपच्यून हिच्या नावावरून या पक्षाला नेपच्यूनवादी म्हणत. पाताळाचा देव प्लुटो याच्या नावावरून हटन यांच्या पक्षाला पुढे प्लुटोवादी हे नाव मिळाले.

वेर्नर यांचे मत आज चमत्कारिक वाटते, पण ते निराधार नव्हते. बेसाल्ट पुष्कळदा थरांच्या रूपात, गाळाच्या खडकांच्या मधोमध, त्यांच्याशी समांतर पसरलेला आढळतो. सह्याद्रीच्या कड्यांवर एकावर एक रचलेल्या आडव्या पट्ट्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा गैरसमज कसा होऊ शकतो हे सहज कळेल. त्या पट्ट्या लाव्हाच्या एकापाठोपाठ आलेल्या प्रवाहांच्या आहेत. नुसत्या थरांवरून निकाल दिला असता तर महाराष्ट्राचा काळा पाषाणही समुद्राचा गाळ ठरला असता. फ्रान्समधील ओव्हेर्न्य भागात निकोला देमारे यांनी बेसाल्टचे प्रवाह विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखापर्यंत माग काढून दाखवले होते. तरीही वाद मिटला नव्हता.

१७८५ चा निबंध

एडिनबर्गची रॉयल सोसायटी १७८३ मध्ये स्थापन झाली. तिच्या सभेत हटन यांचा पृथ्वीविषयक निबंध दोन भागांत वाचला गेला. ७ मार्च १७८५ रोजी हटन आजारी असल्याने पहिला भाग ब्लॅक यांनी वाचला. दुसरा ४ एप्रिलला हटन यांनी स्वतः सादर केला. संपूर्ण निबंध १७८८ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकाच्या पहिल्या खंडात छापला गेला.

निबंधाचा आशय असा : आजच्या जमिनीचा बराचसा भाग पूर्वीच्या जमिनीच्या झिजेतून बनला आहे. तो गाळ समुद्रतळाशी साचला, पृथ्वीच्या अंतर्गत उष्णतेने घट्ट झाला आणि त्याच उष्णतेच्या जोराने वर उचलला गेला. मग तोही झिजू लागला. ही क्रिया आज जितक्या संथपणे चालू आहे तितक्याच संथपणे पूर्वीही चालत होती, आणि तिचा आरंभ किंवा शेवट दाखवणारी कोणतीही खूण खडकांत सापडत नाही. बायबलमधील वंशावळींवरून पृथ्वीचे वय सुमारे सहा हजार वर्षे मानणाऱ्या समाजाला हे विधान पचणे अवघड होते.

महत्त्वाची गोष्ट अशी, की निबंध वाचला तेव्हा मुख्य पुरावे हटन यांच्या हाती नव्हते. ग्रॅनाइट अग्निज आहे असे त्यांना वाटत होते, परंतु तो इतर खडकांना भिडतो ती जागा त्यांनी अजून पाहिली नव्हती. सिद्धान्त आधी आणि पुरावा नंतर, असा हा क्रम होता. याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. मात्र कोणता पुरावा मिळाला तर आपले म्हणणे टिकेल आणि कोणता मिळाला तर कोसळेल, हे त्यांना नेमके ठाऊक होते, आणि साठीच्या उंबरठ्यावर ते तो शोधायला बाहेर पडले.

ग्लेन टिल्ट

१७८५ च्या उन्हाळ्यात मित्र जॉन क्लार्क ऑफ एल्डिन यांच्यासह हटन पर्थशायरमधील ग्लेन टिल्ट या दरीत गेले. दरीच्या एका बाजूला ग्रॅनाइट आणि दुसऱ्या बाजूला काळसर सुभाजा असल्याने दोहोंची गाठ नदीच्या पात्रातच पडत असावी, असा त्यांचा कयास होता. तो बरोबर निघाला. लालसर ग्रॅनाइटच्या शिरा काळ्या खडकात सर्व दिशांनी घुसल्या होत्या, त्याचे थर फोडीत गेल्या होत्या आणि त्याचे सुटे तुकडे ग्रॅनाइटमध्ये अडकलेले होते.

याचा अर्थ सरळ होता. जो खडक दुसऱ्याच्या भेगांत शिरतो तो शिरताना द्रवरूप असला पाहिजे. आणि ज्याच्यात तो शिरतो तो खडक तेथे आधीपासून असला पाहिजे. म्हणजे ग्रॅनाइट वितळलेला होता आणि तो सुभाजेहून वयाने लहान होता. वेर्नर यांच्या क्रमातील पहिली पायरीच निखळली. हटन यांना इतका आनंद झाला, की सोबतच्या वाटाड्यांना त्यांना सोन्याची किंवा चांदीची शीर सापडली असावी असे वाटले. पुढील दोन वर्षांत गॅलोवे आणि अरान बेटावर त्यांना असेच पुरावे मिळाले. क्लार्क यांनी काढलेली या सहलींतील चित्रे दीर्घकाळ दृष्टिआड होती. ती १९७८ मध्ये प्रसिद्ध झाली.

सॉल्झबरी क्रॅग्झ

दुसरा पुरावा घरासमोरच होता. सॉल्झबरी क्रॅग्झचा सुमारे ४६ मीटर उंचीचा कडा डोलेराइट या बेसाल्टच्या जवळच्या नात्यातील खडकाचा आहे आणि त्याच्या खाली व वर वालुकाश्म व शेल यांचे थर आहेत. नुसते पाहिले तर तो त्यांच्यातलाच एक जाड थर वाटतो. हटन यांनी लक्ष वेधले ते थराच्या कडेकडे. खालच्या वालुकाश्माचे थर काही ठिकाणी उचकटून वाकलेले आहेत आणि एका जागी त्यांचा तुकडा डोलेराइटने वेढून टाकला आहे. पाण्यात शांतपणे बसणारा गाळ खालचा थर असा उचकटत नाही. या थरांमध्ये शिलारस जोराने घुसला, हाच अर्थ उरतो.

आज भूविज्ञानाचा विद्यार्थी येथे आणखीही काही पाहतो. गाळाच्या खडकात झिजलेले कण एकमेकांना चिकटलेले असतात. अग्निज खडकात स्फटिक एकमेकांत गुंतलेले असतात. थंड खडकाला टेकलेल्या कडेवर शिलारस झपाट्याने थिजतो, म्हणून तेथील स्फटिक अतिशय बारीक असतात. आतल्या भागात ते मोठे होतात. टेकलेला गाळाचा खडक भाजून कठीण झालेला असतो. गाळाच्या थराला अशी भाजलेली किनार नसते. रंगाने आणि कठीणपणाने फसवणारे दोन खडक त्यांच्या सीमारेषेवर ओळखता येतात, ही हटन यांच्या क्षेत्राभ्यासाची खरी देणगी आहे.

सिकार पॉइंट

१७८७ मध्ये अरान बेटावर आणि जेडबरा येथे हटन यांना एक वेगळीच रचना दिसली होती : तिरप्या किंवा उभ्या थरांवर आडवे थर. १७८८ मध्ये गणिताचे प्राध्यापक जॉन प्लेफेअर आणि तरुण जमीनदार सर जेम्स हॉल यांना घेऊन ते बेरिकशायरच्या किनाऱ्याने होडीतून निघाले. सिकार पॉइंट या टोकावर लाटांनी खडक धुऊन स्वच्छ केला होता. खाली करड्या ग्रेवॅक खडकाचे थर पुस्तकांच्या फळीसारखे जवळजवळ उभे होते आणि त्यांच्या झिजलेल्या माथ्यावर तांबड्या वालुकाश्माचे थर किंचित उतरते पसरले होते. तांबड्या खडकाच्या तळाशी करड्या खडकाचेच तुकडे होते.

येथे अग्निज खडक नाही. दोन्ही गाळाचेच आहेत. तरीही हटन यांच्या सिद्धान्ताचा सर्वांत प्रभावी पुरावा हाच ठरला. करडा गाळ समुद्रात आडवा साचला, घट्ट झाला, दुमडून उभा राहिला, पाण्याबाहेर आला, झिजला. त्याच्यावर दुसरा गाळ साचला, तोही घट्ट होऊन तिरका झाला. हटन हा क्रम सांगत असताना कालाच्या त्या खोल दरीत डोकावून आपल्याला भोवळ आल्यासारखे झाले, असे प्लेफेअर यांनी पुढे नोंदवले. आजच्या मोजणीनुसार ग्रेवॅक सुमारे ४३.५ कोटी वर्षांपूर्वीचा आणि वालुकाश्म सुमारे ३७ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. दोन खडकांमधील त्या एका रेषेत सुमारे ६.५ कोटी वर्षे दडलेली आहेत. दख्खनचा लाव्हा वाहून गेल्याला साधारण तेवढाच काळ लोटला आहे. अशा रचनेला भूविज्ञानात विसंगती म्हणतात.

टीका, ग्रंथ आणि अखेर

१७९१ पासून हटन मूत्रविकाराने त्रस्त होते आणि त्यासाठी त्यांच्यावर जोखमीची शस्त्रक्रिया करावी लागली. १७९३ मध्ये आयरिश रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड कर्वन यांनी त्यांच्या निबंधावर कडक टीका केली. तिच्यात नास्तिकतेचा ठपकाही होता. ईश्वरी योजनेवर श्रद्धा असलेल्या हटन यांना तो विशेष झोंबला. आजारपणातच त्यांनी निबंधाचा विस्तार करण्यास घेतले आणि १७९५ मध्ये ‘थिअरी ऑफ द अर्थ’ हा ग्रंथ दोन खंडांत प्रसिद्ध झाला. त्यात फ्रेंच ग्रंथांतील लांबलचक उतारे भाषांतराविना घातलेले होते, त्यामुळे तो फार थोड्यांनी वाचला. तिसऱ्या खंडाचे उपलब्ध हस्तलिखित आर्चिबाल्ड गीकी यांनी संपादित करून १८९९ मध्ये छापले. याखेरीज हटन यांनी पावसाच्या उत्पत्तीवर निबंध आणि ज्ञानमीमांसेवर तीन खंडांचा ग्रंथ लिहिला. शेतीवरील मोठे लेखन त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहिले.

२६ मार्च १७९७ रोजी त्यांचे निधन झाले. एडिनबर्गच्या ग्रेफ्रायर्स दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले.

सिद्धान्ताचे पुढे काय झाले

वाद त्यांच्याबरोबर संपला नाही. वितळलेला खडक थंड झाला की त्याची काच होते, स्फटिकी दगड होत नाही, हा नेपच्यूनवाद्यांचा एक बिनतोड वाटणारा आक्षेप होता. जेम्स हॉल यांनी बेसाल्टसारखा खडक भट्टीत वितळवून अतिशय सावकाश थंड केला, तेव्हा तो पुन्हा दगडासारखा स्फटिकी झाला. हे निष्कर्ष १७९८ मध्ये मांडले गेले. बंद बंदुकीच्या नळीत दाबाखाली तापवलेला खडू संगमरवरासारखा होतो, हेही त्यांनी दाखवले. मुशीतल्या प्रयोगावरून पृथ्वीच्या प्रचंड घडामोडींविषयी बोलणे हटन यांना मान्य नव्हते. म्हणून हॉल यांनी गुरुतुल्य मित्राच्या हयातीत हे काम मागे ठेवले होते. १८०२ मध्ये प्लेफेअर यांनी हटन यांचे विचार सुबोध इंग्रजीत मांडणारे पुस्तक लिहिले आणि सिद्धान्ताला खऱ्या अर्थाने वाचक मिळाले.

तरीही १८०४ पासून एडिनबर्ग विद्यापीठात निसर्गेतिहासाची गादी वेर्नर यांचे शिष्य रॉबर्ट जेमसन यांच्याकडे होती. १८२६-२७ च्या सुमारास त्यांच्या वर्गात चार्ल्स डार्विन बसत. सॉल्झबरी क्रॅग्झवरच्याच एका अग्निज भित्तीसमोर उभे राहून, ही भेग वरून पडलेल्या गाळाने भरली आहे असे प्राध्यापकांनी सांगितल्याची आठवण डार्विन यांनी आत्मचरित्रात नोंदवली आहे. जेमसन यांनी पुढे आपले मत बदलले. हटन वारले त्याच वर्षी जन्मलेल्या चार्ल्स लायेल यांनी १८३० ते १८३३ या काळात प्रसिद्ध केलेल्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ जिऑलॉजी’ या ग्रंथाने संथ आणि अखंड बदलाची कल्पना सर्वमान्य केली. बीगल जहाजावरील प्रवासात डार्विन यांनी हा ग्रंथ सोबत ठेवला होता.

हटन यांचे सारेच बरोबर होते असे नाही. गाळाचे खडकही उष्णतेने जवळजवळ वितळूनच घट्ट होतात, असे ते मानीत. प्रत्यक्षात वरच्या थरांचा दाब आणि पाण्यातून येणारी सिलिका, कॅल्साइट यांसारखी खनिजे कणांना जोडतात. म्हणजे अग्नीचा पक्ष घेताना त्यांनी पाण्याच्या वाट्याचेही थोडे श्रेय अग्नीला दिले. पृथ्वीचे वय त्यांनी अमर्याद मानले होते. किरणोत्सारी मोजणीने ते सुमारे ४५४ कोटी वर्षे ठरले आहे.

स्मारके

सॉल्झबरी क्रॅग्झवर उचकटलेल्या थरांची जागा हटन यांच्या नावाने ओळखली जाते. तेथे खाणकाम एके काळी जोरात चालत असे. सिकार पॉइंट ही जागा जगभरच्या भूविज्ञानाच्या विद्यार्थ्यांच्या अभ्यास-सहलींत असते. सेंट जॉन्स हिल येथील त्यांच्या घराच्या जागी आता स्मृतिउद्यान आहे. ग्रेफ्रायर्समधील कबरीवर दीडशे वर्षे कोणतीही खूण नव्हती. नाव असलेली शिळा तेथे १९४७ मध्ये बसवण्यात आली.